मालक बदलला तेव्हाच्या बंदुका

१ जून १९३४, शुक्रवार. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातल्या मेरिडन गावातला पार्कर ब्रदर्सचा बंदुकांचा कारखाना त्या दिवशी रेमिंग्टन आर्म्स कंपनीच्या मालकीचा झाला. सातबारावरचं नाव बदललं म्हणून शेतातलं पीक काही त्या दिवशी बदलत नाही. कारखाना होता तिथेच राहिला. यंत्रं तीच, घडवण्याची रीत तीच, आणि आधीच घडवून ठेवलेल्या नळ्या व फ्रेमीही त्याच. पुढची साडेतीन वर्षं रेमिंग्टनच्या पार्कर बंदुका मेरिडनमध्येच तयार होत होत्या. १९३८च्या सुरुवातीला सगळा पसारा न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनला, रेमिंग्टनच्या मूळ गावी गेला.

या मधल्या साडेतीन वर्षांनी जुन्या बंदुकांच्या संग्राहकांना दोन पिढ्या कामाला लावलं आहे. समोर एक दुनळी आहे, तिच्यावर पार्कर ब्रदर्सचं नाव आहे, क्रमांक साधारण १९३४च्या आसपासचा आहे. मग ती पार्करची की रेमिंग्टनची? उत्तरावर किंमत ठरते, आणि बरीचशी भांडणंही. माझं मत असं की हा प्रश्नच थोडा चुकीचा विचारला जातो. बंदुकीला एकच जन्मतारीख नसते. क्रमांक पडला ती एक तारीख, नळी तयार झाली ती दुसरी, माल गिऱ्हाइकाकडे रवाना झाला ती तिसरी, आणि दुरुस्तीला परत आली ती चौथी. बंदुकीवरची प्रत्येक खूण यातल्या एकाच तारखेबद्दल बोलते. कुठली खूण कशाबद्दल बोलते हे ठरवता आलं की निम्मं काम झालं.

आधी पार्कर कोण ते सांगायला हवं. चार्ल्स पार्करचा जन्म १८०९चा. मेरिडनमध्ये त्याने १८३२ साली कॉफी दळण्याच्या गिरण्या बनवायला सुरुवात केली. नंतर दिवे, चमचे, लोहाराचे शिकंजे, जे विकलं जाईल ते. १८६७ साली मेरिडन शहर झालं तेव्हा त्याचा पहिला महापौर हाच. यादवी युद्धात त्याच्या पार्कर, स्नो अँड कंपनीला सरकारकडून १५,००० रायफली बनवण्याचं कंत्राट मिळालं, आणि युद्ध संपल्यावर नळ्या घडवणारी यंत्रं व शिकलेले हात रिकामे बसले. त्या रिकाम्या हातांतून दुनळी शॉटगन निघाली. पुढे स्मिथ अँड वेसनकडून आलेल्या चार्ल्स किंगने तिचा सांगाडा सुधारला. बाहेरचे घोडे जाऊन १८८९च्या सुमारास आतल्या घोड्यांची बंदूक आली. उडवलेलं काडतूस आपोआप बाहेर फेकणारा इजेक्टर १९०२ साली आला, दोन्ही नळ्यांना मिळून एकच चाप १९२२ साली. अमेरिकेत उत्तम दुनळी म्हटली की अनेकांच्या तोंडी पहिलं नाव पार्करचं येई. ॲनी ओकलेसारखी नेमबाजही ती वापरत असे. सुरुवातीपासून अखेरपर्यंत मिळून सुमारे २,४२,००० बंदुका निघाल्या. एका कारखान्याला सत्तर-पंचाहत्तर वर्षांसाठी हा आकडा फार मोठा नाही, कारण बरंचसं काम हाताने होत होतं. १९२९ नंतरच्या मंदीत नेमकं हेच महागात पडलं. रेमिंग्टनवर विक्रीच्या आदल्याच वर्षी, १९३३ साली, ड्यू पाँट या रसायन कंपनीचा ताबा आला होता. पैसा त्यांच्याकडे होता, आणि पार्करकडे नाव.

आता ओळख पटवण्याकडे येऊ. इथे अमेरिकन बंदुकीची एक मोठी पंचाईत आहे. इंग्लंडमध्ये नळी विकण्याआधी ती सरकारमान्य प्रूफ हाउसमध्ये जादा दारू भरून तपासावी लागते. लंडनच्या संस्थेला १६३७ची सनद आहे, बर्मिंगहॅमची संस्था १८१३ची. तिथे नळीवर ठसे उमटतात, आणि बर्मिंगहॅमने १९२१पासून त्यात सालाचं अक्षरही घालायला सुरुवात केली. म्हणजे कारखान्याचे कागद जळाले तरी नळी स्वतः बोलते. अमेरिकेत असं तिऱ्हाइताचं प्रूफ हाउस कधी नव्हतंच. जो बनवणार तोच तपासणार, तोच ठसा मारणार आणि तोच वहीत लिहिणार. मालक बदलला की वही, ठसे आणि सवयी सगळंच नव्या हातात जातं. म्हणून अमेरिकन दुनळीचं साल काढायचं तर अनेक साक्षीदार उभे करावे लागतात.

पार्कर उघडली, नळ्या खाली झुकवल्या, मग त्या काढून घेतल्या, की पुस्तक उघडल्यासारखं होतं असं काही नाही. अक्षरं बारीक असतात, तेलाने भरलेली असतात, आणि वाचणाऱ्याच्या मनात आधीच एक उत्तर तयार असतं. सर्वांत आधी क्रमांक पाहायचा. तो फ्रेमच्या वरच्या सपाट भागावर असतो, चापाच्या रक्षकपट्टीच्या शेपटीवर असतो, नळ्यांच्या बुडाखालच्या गुटक्यावर असतो आणि नळ्यांखालच्या लाकडी भागाच्या लोखंडी तुकड्यावरही असतो. चारही ठिकाणी तोच असला तर बंदूक एकत्र जन्मली. नळ्यांवर वेगळा असेल तर त्या दुसऱ्या बंदुकीच्या आहेत. मग बाकी कितीही देखणी असो, ती जोडलेली वस्तू आहे.

त्याच गुटक्यावर फ्रेमचा आकार दाखवणारा आकडा असतो: २, १½, १, ०, ००, किंवा ०००. हा आकडा बोअरचा नाही. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशात ज्या मापाच्या बारा गोळ्या होतात ते नळीचं माप, हे आपल्याकडेही शिकाऱ्यांना ठाऊक असतं. फ्रेमचा आकडा मात्र दोन नळ्यांच्या मागच्या बाजूचं, म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या दोन आघातकांमधलं अंतर सांगतो. एकाच बारा बोअरची बंदूक जड हवी तर २ची फ्रेम, हलकी हवी तर १ची. नळ्यांच्या सपाट बुडावर आणखी एक छोटी नोंद असते, तिच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही: नळ्यांचं वजन, पौंडांत आणि औंसांत. पण हे शेवटच्या घासकामाआधीचं वजन आहे. तयार नळ्या नेहमीच काही औंस हलक्या भरतात. काही औंसांऐवजी बरंच जास्त कमी भरलं, तर नंतर कुणीतरी नळ्या आतून किंवा बाहेरून पुन्हा घासल्या आहेत हे समजायचं. मला ही खूण सगळ्यांत प्रामाणिक वाटते, कारण ती खोटी करायला कुणाला कारणच नव्हतं.

मग दर्जा. पार्करच्या दर्जांची उतरंड अक्षरांत आहे. सर्वांत साधी ट्रोजन, तिच्यावर व्ही, जी, डी, सी, बी, ए, डबल ए, ए-वन स्पेशल, आणि अगदी वर इन्व्हिन्सिबल, जिच्या सगळ्या मिळून फक्त तीन बनल्या. त्यापुढे एच लागला की घोडे आत, ई लागला की इजेक्टर. म्हणून डीएचई. या उतरंडीला जोडून पोलादाचं नावही येतं, आणि ते दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर कोरलेलं असतं. ट्रोजनवर ट्रोजन स्टील, व्हीवर व्हल्कन, जीवर पार्कर स्पेशल, डीवर टायटॅनिक, सी-बी-एवर ॲक्मे, डबल एवर पीअरलेस, ए-वनवर व्हिटवर्थ. व्हल्कन आणि टायटॅनिक यांत धातूचा किती फरक होता यावर वाद घालणारे घालोत. ओळख पटवायला जोडी जुळते का एवढंच पुरतं. व्ही दर्जाच्या फ्रेमवर टायटॅनिकच्या नळ्या दिसल्या की विचारायचं: खास मागणी होती, की कुणी नंतर बदलल्या? आणि साध्या व्ही बंदुकीवर चांगल्या कोरक्याकडून डीची नक्षी उतरवून घेण्याचा उद्योग बराच चालला आहे. नक्षी उत्तम असते, पण वहीत दर्जा व्हीच लिहिलेला असतो.

इथपर्यंतचं सगळं कुठल्याही पार्करला लागू आहे. १९३४च्या आसपास मात्र खरी गुंतागुंत सुरू होते.

रेमिंग्टनचा काळ म्हणजे साधारण २,३६,००० पुढचे क्रमांक, असं ढोबळमानाने मानतात. ढोबळमानाने हा शब्द इथे जपून वापरला आहे. क्रमांक पडला तो दिवस आणि बंदूक पुरी होऊन पेटीत गेली तो दिवस, यांत मंदीच्या वर्षांत मोठं अंतर पडू शकत होतं. गिऱ्हाईक नसताना कारखाना घडवलेल्या फ्रेमी बाजूला ठेवतो आणि मागणी आली की पुरी करतो. त्यामुळे पार्करच्या काळात क्रमांक मिळालेली आणि रेमिंग्टनच्या काळात पुरी झालेली बंदूक असणं यात नवल काही नाही. तिला कोणत्या रांगेत बसवायचं? क्रमांकावर जाणारे म्हणतात पार्कर, रवानगीच्या नोंदीवर जाणारे म्हणतात रेमिंग्टन. मला दोघंही बरोबर वाटतात. मात्र दोघांनी आपण कुठली तारीख सांगतोय हे उघड सांगावं, नुसता शिक्का मारू नये.

इथे रेमिंग्टनच्या कोडाची मदत होते. रेमिंग्टन आपल्या नळ्यांवर महिना आणि साल दोन अक्षरांत मारत असे. महिन्यासाठी त्यांनी काळ्या दारूचं इंग्रजी नाव घेतलं आणि शेवटी एक्स जोडून बारा अक्षरं पुरी केली. क्रमाने ती अशी: बी, एल, ए, सी, के, पी, ओ, डब्ल्यू, डी, ई, आर, एक्स. बी म्हणजे जानेवारी, एक्स म्हणजे डिसेंबर. गंमत म्हणजे बारा अक्षरांत एकही दोनदा येत नाही, त्यामुळे कोड चोख बसतो. सालासाठी दुसरं अक्षर: सी म्हणजे १९३४, डी १९३५, ई १९३६, एफ १९३७, जी १९३८, एच १९३९. पुढे आय वगळून जे १९४० आणि के १९४१. पी-जी वाचलं तर जून १९३८, म्हणजे कारखाना इलियनला गेल्यानंतरची नळी. ओ-ई वाचलं तर जुलै १९३६, म्हणजे अजून मेरिडनच.

या कोडात क्रम चुकला की सगळं चुकतं. ई-डी म्हणजे ऑक्टोबर १९३५, आणि डी-ई म्हणजे सप्टेंबर १९३६. मध्ये अकरा महिने गेले. शिवाय ही अक्षरं काही कायमची नाहीत. १९४३पासून दुहेरी अक्षरं आली, आणि १९५४पासून एकेरी अक्षरं पुन्हा एपासून सुरू झाली. त्यामुळे सालाच्या जागी सी दिसला तर तो १९३४चा असेल किंवा १९५६चा. संदर्भाशिवाय ठरवता येत नाही.

पण सर्वांत मोठा सापळा आहे तो तिनाचा. या दोन अक्षरांच्या नंतर ३ हा आकडा असेल तर ती तारीख बनवण्याची नव्हे. ३ म्हणजे दुरुस्ती विभाग. १९१० साली विकली गेलेली एखादी पार्कर १९३७ साली दस्ता मोडला म्हणून रेमिंग्टनकडे पाठवली, तर तिच्या नळीवर एफ असलेला कोड आणि पुढे ३ पडतो. घाईत पाहणारा ३ पाहत नाही, कोड वाचतो, रेमिंग्टनच्या काळातली दुर्मीळ बंदूक म्हणून दाम मोजतो. वास्तविक ती जुनीच असते, वर रेमिंग्टनकडे एकदा जाऊन आलेली. दुसऱ्या बाजूने, ज्याला हे ठाऊक आहे त्याला एक चांगली गोष्ट कळते: त्या बंदुकीवर काम झालं ते कुठल्या गल्लीतल्या दुकानात नव्हे, कारखान्यात झालं. माझ्या मते हा ठसा किंमत घटवणारा नसून वाढवणारा मानायला हवा. बाजार तसं मानत नाही, हा बाजाराचा दोष.

बदललेल्या भागांचंही असंच. नळ्या बंद ठेवणाऱ्या खिळीची बदलता येणारी झिजपट्टी १९१०च्या सुमारास आली, एकच चाप १९२२मध्ये. त्यामुळे एक चाप असलेली बंदूक १९२२ नंतरचीच, असं कुणी म्हणालं तर तेही अर्धं खरं. लोक जुन्या बंदुका पाठवून नवा चाप बसवून घेत. वैशिष्ट्य हे फार तर काम कधी झालं त्याची खालची मर्यादा देतं, बंदुकीच्या वयाची नाही.

मेरिडनचं नाव किती जपायचं यावर माझं मत जरा कडू आहे. संग्राहकांच्या एका गटाला इलियनमध्ये बनलेली पार्कर दुय्यम वाटते. कारण काय, तर गाव बदललं. हाताळून पाहिलेल्या लोकांचं मत याच्या उलट अनेकदा ऐकू येतं: रेमिंग्टनच्या काळात फ्रेम आणि नळीचा सांधा अत्यंत नेटका बसलेला असतो. मेरिडनच्या हातांतलं कसब इलियनलाही होतं, आणि तिथून ते पुढेही गेलं. लॉरेन्स डेल ग्रेगो यांनी इलियनला पार्करच्या कामावर हात बसवला आणि नंतर स्वतःचं दुकान टाकून पुढची कित्येक वर्षं पार्करच दुरुस्त केल्या. इलियनच्या बंदुका थोड्या आहेत हे खरं. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४२च्या सुमारास हे काम थांबलं आणि ते पुन्हा सुरू झालं नाही. थोड्या आहेत म्हणून महाग, हे समजू शकतो. पण इलियनची म्हणून वाईट, याला आधार काहीच नाही. मालकाने बंदूक वाईट केली नाही. ती बनवणं परवडत नाही म्हणून त्याने युद्धानंतर ते काम पुन्हा सुरू केलं नाही, आणि तो हिशोब पार्कर कुटुंबाच्या हाती राहिला असता तरी तसाच निघाला असता.

शेजारीपाजारी पाहिलं तर हीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसते. ॲन्सली फॉक्सने फिलाडेल्फियात फॉक्स दुनळी काढली. थिओडोर रूझवेल्टने १९०९च्या आफ्रिकेच्या सफरीत ती बरोबर नेली. फॉक्स स्वतः थोड्याच वर्षांत कंपनीतून बाहेर पडला, आणि १९२९च्या शेवटी सॅव्हेज आर्म्सने ती विकत घेऊन १९३०मध्ये युटिकाला हलवली. युटिका आणि इलियन एकाच मोहॉक खोऱ्यात, अगदी जवळ. नळीवर फिलाडेल्फिया की युटिका हे इथे पहिलं पाहायचं, पण तेवढ्यावर थांबायचं नाही, कारण यंत्रांबरोबर घडवलेले भागही गेले होते. फॉक्सची एक सोय मात्र आहे. क्रमांकावरूनच बोअर कळतं: २,००,०००च्या मालिकेत वरच्या दर्जाची वीस बोअर, ३,००,०००च्या मालिकेत सोळा बोअर, तर साध्या स्टर्लिंगवर्थची बारा बोअर ५०,०००पासून सुरू होते. पुढे फॉक्स मॉडेल बी नावाची एक स्वस्त दुनळी आली. ती स्टीव्हन्सच्या बनावटीची, नाव फक्त फॉक्सचं. तिला मूळ फॉक्सची वारसदार म्हणून विकणारे आजही भेटतात, त्यांना नमस्कार करून पुढे जावं.

एल. सी. स्मिथची कहाणी आणखी जुनी. लायमन स्मिथने बंदुकीचा धंदा हंटर कुटुंबाला विकला आणि स्वतः टाइपरायटरकडे वळला, ज्यातून पुढे स्मिथ कोरोना झाली. हंटरांनी कारखाना फुल्टनला नेला. १९४५मध्ये मार्लिनने तो घेतला, आणि नळीवर हंटर आर्म्सऐवजी एल. सी. स्मिथ गन कंपनी आलं. इथे नाव वाचून मालक ओळखता येतो, तेवढं सुख. जानेवारी १९४९मध्ये फुल्टनच्या इमारतीचा मजलाच कोसळला आणि दोन-तीन वर्षांत काम आटोपलं. १९६८मध्ये मार्लिनने न्यू हेवनहून तेच नाव थोडा काळ पुन्हा वापरलं.

अखेर सगळी वाट वहीकडे जाते. पार्करच्या मागणीच्या आणि मालाच्या वह्या बऱ्याच प्रमाणात वाचल्या, मधल्या काही गळाल्या. त्या वह्यांवरून पार्कर संग्राहकांची संघटना, नोंद सापडेल त्या क्रमांकासाठी, पत्र देते: दर्जा कोणता, नळी किती इंच, दस्ता कसा, मागणी कुणाची, रवाना कधी. ते पत्र आणि बंदूक समोरासमोर ठेवली की खरं बाहेर येतं. रशियाचा झार निकोलस दुसरा याच्यासाठी बनवलेली एक ए-वन स्पेशल पहिल्या महायुद्धामुळे त्याच्यापर्यंत पोचली नाही. अशी गोष्ट कागदाशिवाय कुणी सांगितली असती तर मी हसलो असतो. कागद नसेल तर भरवसा फक्त धातूवर, आणि धातूवर जेवढं लिहिलंय तेवढाच.

नव्या खरेदीदाराने आणखी एक लक्षात ठेवावं. १९८०च्या दशकात जपानच्या तोचिगीतल्या ओलिन-कोडेन्शाच्या कारखान्यात पार्कर रिप्रॉडक्शन्स नावाने दुनळ्या बनल्या. इतक्या मापात बनल्या की मूळ पार्करचे कित्येक भाग त्यात बसतात. त्या वाईट नाहीत, उलट फारच चांगल्या आहेत. पण त्या जपानी आहेत, आणि तसं त्यांच्यावर लिहिलेलंही आहे. रेमिंग्टननेही २००६ साली पार्करचं नाव पुन्हा उचललं. कनेटिकटमधल्या एका कारखान्याकडून अठ्ठावीस बोअरची डबल ए बनवून घेतली आणि किंमत ठेवली ४९,००० डॉलर. पुढे खुद्द रेमिंग्टनच २०१८ आणि २०२० साली दिवाळखोरीत गेली. मार्च २०२४मध्ये इलियनचा कारखाना कायमचा बंद झाला. त्यामुळे आता रेमिंग्टनच्या शेवटच्या काळातल्या बंदुकांबद्दलही हेच प्रश्न विचारले जातील.

आपल्याकडे पार्कर मिळणं विरळाच. संस्थानिकांच्या आणि सावकारांच्या घरांत इंग्रजी दुनळ्याच जास्त दिसतात, बर्मिंगहॅमच्या. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आजही कुणाच्या घरी जुनी बारा बोअर असते. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद होत गेली, बंदूक मात्र घरात राहिली. तुमच्या घरी अशी आजोबांची दुनळी असेल तर आधी परवाना पाहा. परवाना आजोबांच्या नावे असेल तर स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करा, नाहीतर बंदूक कायद्याप्रमाणे जमा करा. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर साधारणपणे एका व्यक्तीला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत. आणि दुसरं, ती चकचकीत करण्यासाठी सँडपेपर किंवा पॉलिशवाल्याच्या हाती देऊ नका. नळीच्या बुडावरचे ठसे आणि क्रमांक घासून टाकणं हा १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. ठसे वाचायचे असतील तर परवानाधारक कारागिराकडे न्या, नळ्या काढून त्याला वाचायला सांगा, आणि जे दिसेल ते वहीत लिहून ठेवा.